दुखतंय म्हणजे कसं

‘दुखतंय ह्ये काय उत्तर न्हाई,’ शेवंतामावशी म्हणाली. ‘दुखतंय म्हंजे कसं, त्ये सांगा.’

‘कसं म्हणजे? दुखतंय म्हणजे दुखतंय.’

‘आवो, ठणका लागतोय, का चमक निगती, का कळ येती, का रग लागलीया, का आग व्हती, का मुंग्या येत्यात? धा जातीचं दुखनं आसतंय. तुमचं कुटलं?’

मी पडले मास्तरीण. प्रश्न मी विचारायचे आणि उत्तरं दुसऱ्यांनी द्यायची, अशी चौदा वर्षांची सवय. आमच्या माजघरात पाटावर, उजवा खांदा उघडा टाकून, मिश्री लावलेल्या दातांच्या एका म्हातारीसमोर तोंडी परीक्षा द्यायची वेळ येईल, असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

‘जड वाटतं,’ मी म्हणाले.

‘जड ह्ये वजन झालं. दुखनं सांगा.’

मला सांगता येईना. शेवंतामावशीने वाटीतल्या तेलात बोटं बुडवली आणि ‘ऱ्हाऊ द्या, उद्या सांगा,’ म्हणून खांदा रगडायला घेतला. तिळाच्या तेलाला लसणाचा आणि ओव्याचा वास होता. मी दात आवळून बसले. तेवढं मला येत होतं.

हे सत्त्याण्णव सालातलं, एप्रिलमधलं. मी तेव्हा छत्तीस वर्षांची होते, कराडला भावाच्या घरी राहत होते. सकाळी मुलींच्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवायचे आणि संध्याकाळी पेठेतल्या व्यायामशाळेत मुलींचा दोरीचा मल्लखांब घ्यायचे. लग्न केलं नव्हतं. लोकांना माझी कीव यायची आणि मला त्यांची, असा हिशेब सरळ होता. गावात मला सगळे जंगमबाई म्हणत. मुली मागून काय म्हणत ते मला ठाऊक होतं, ते इथे सांगत नाही.

मीनलवहिनी बाळंत होऊन पंधरा दिवस झाले होते. तिला आणि बाळाला तेल लावायला शेवंतामावशी रोज सकाळी यायची. वहिनीनेच तिला माझ्यावर सोडली. ‘वन्सं, डॉक्टर झाले, शेक झाला, आता हिलापण एकदा दाखवा. बिघडून बिघडणार काय?’

बिघडायला खरंच काही शिल्लक नव्हतं. माझा उजवा हात छातीच्या वर जात नव्हता. फळ्याच्या वरच्या ओळीत तारीख लिहिता येत नव्हती. अंबाडा घालता येत नव्हता, वहिनी घालून द्यायची, तीही ओली बाळंतीण. डॉक्टरांनी दोनदा फोटो काढला. दोन्ही वेळा म्हणाले, ‘बाई, फोटोत काही दिसत नाही. हाड जाग्यावर आहे. पण खांदा जखडलाय खरा.’

तो का जखडला, हे मात्र अख्ख्या गावाला ठाऊक होतं. गावाला ठाऊक होतं ते असं:

जानेवारीत, जिल्हा स्पर्धेला तीन दिवस असताना, सरावात सुगंधा ढाणे ही अकरा वर्षांची मुलगी दोरीवरून पडली. तिचं उजवं कोपर फुटलं. जंगमबाई तिला झेलायला धावल्या, पोरीचा सगळा भार हातावर आला आणि बाईंचा खांदा कायमचा दुखावला. पोरगी वाचली ती बाईंमुळे, नाहीतर मानेवरच पडली असती. व्यायामशाळेच्या वर्धापनदिनाला मला शाल आणि श्रीफळ देण्यात आलं. अध्यक्षांनी भाषण केलं. नारळ मी डाव्या हाताने घेतला, तेव्हा समोरच्या काही बायकांनी डोळ्यांना पदर लावला.

सुगंधाचं कोपर जुळलं, पण हात पुरता सरळ होईना. दोरी संपली. तशी मुलगी माझ्याकडे आधी आली नव्हती आणि नंतरही आली नाही. दोरीच्या मल्लखांबात सगळी भिस्त पायाच्या अंगठ्यावर. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात दोरी धरायची आणि त्या चिमटीवर सगळं अंग तोलायचं. मोठ्या मुलींना ते दोन वर्षांत जमत नाही. सुगंधाला चौथ्या दिवशी जमलं होतं.

दुसऱ्या दिवशी शेवंतामावशीने वेगळाच घोळ घातला.

‘संपतंय कुटं त्ये नगं. सुरू कुटं हुतंय त्ये सांगा.’

‘खांद्यात.’

‘खांदा केवढा मोठा हाय. खांद्यात कुटं?’ तिने अंगठा दाबला. ‘हितं?’

‘नाही.’

‘हितं?’

‘तिथेही नाही. जरा खाली. पुढे.’ मी सांगत गेले आणि मलाच नवल वाटू लागलं, कारण दुखणं खांद्यातून निघून बगलेत, बगलेतून बरगड्यांत आणि तिथून पोटाच्या वरच्या कडेला आलं. ‘इथे,’ मी म्हणाले. ‘इथे काहीतरी आवळतं. मग वर दुखतं.’

‘आता कसं! अन् ह्ये आवळतंय तवा श्वास कुटं आसतो तुमचा?’

श्वास मी धरून ठेवला होता. मुलींना रोज ओरडून सांगणारी मी, दोरीवर श्वास कोंडू नका, सोडा, सोडा! माझा मात्र किती दिवस कोंडलेला होता कोण जाणे. मी तो सोडला. सोडताना हुंदक्यासारखा आवाज आला, म्हणून मी खोकले. वहिनी आतून म्हणाली, ‘वन्सं, पाणी देऊ का?’

शेवंतामावशी काही जादूटोणा करणारी बाई नव्हती, हे सांगितलेलं बरं. तेल लावता लावता ती गावातल्या चार घरांच्या उखाळ्यापाखाळ्या काढायची आणि साखर महागली म्हणून सरकारला शिव्या द्यायची. तिची प्रश्न विचारायची रीत बाळंतिणींमुळे पडली होती. ‘बाळातीन नुस्तं आंग दुखतंय म्हनती,’ ती सांगायची. ‘आंग म्हंजे कुटलं? कंबर, का वटी, का छाती? येकदा येक पोरगी आंग दुखतंय म्हनून रडायची, अन् दुखत हुतं सासूचं बोलनं. मग मी काय सासूला तेल लावू?’ म्हणून तिने ठरवून टाकलं होतं, की दुखण्याचं नाव सांगितल्याशिवाय रगडायचं नाही. नाव चुकलं की तिच्या बोटांना कळायचं. ‘न्हाई,’ एवढंच म्हणायची आणि थांबायची. पालथ्या घड्यावर पाणी ओतायला तिला वेळ नव्हता.

तिसरे दिवशी मी नेमकी सांगू लागले. कळ नाही. चमक नाही. ओढ आहे.

‘वड म्हंजे खाली का म्होरं?’

‘मागे,’ मी म्हणाले. ‘मागे ओढल्यासारखं.’

त्या दिवशी बाजार होता, आणि बाजाराच्या दिवशी मारुती ढाणे येत असे.

मारुती म्हणजे सुगंधाचा बाप. नदीपलीकडच्या वाडीजवळ एका गुऱ्हाळावर तो गुळव्या होता, म्हणजे रस उकळून गूळ कधी उतरवायचा हे ठरवणारा माणूस. उंच, काळा, बोलायला मऊ. दर बाजारी तो बाटलीभर काकवी घेऊन यायचा आणि ओसरीच्या पायरीखाली उभा राहायचा. वर ये म्हटलं तरी येत नसे. मुलीला पुढे करायचा. ‘सुगे, पाया पड बाईंच्या.’

सुगंधा वाकायची. वाकडा हात पोटाशी, डावा माझ्या पायाला. एक शब्द बोलायची नाही. पूर्वी ही मुलगी इतकी बोलायची, की मी तिला दोरीवर उलटं टांगूनसुद्धा तिची बडबड थांबत नसे.

‘बाई, कुटवर जातोय हात?’ मारुतीने विचारलं.

‘आहे तेवढाच.’

त्याने मान खाली घातली. ‘नवस केलाय बगा मी. बाईंचा हात डोईच्या वर जाईस्तवर पोरीनं पायात काय घालायचं न्हाई.’

हे त्याने मला पहिल्यांदाच सांगितलं. मी सुगंधाच्या पायांकडे पाहिलं. एप्रिलचं ऊन, वाडीपासून आमच्या दारापर्यंत तीन कोसांची डांबरी सडक. तळव्यांच्या कडा भाजून सोलल्या होत्या. उजव्या अंगठ्याखाली फोड फुटून माती भरली होती. तो अंगठा मी ओळखत होते.

‘हे काय भलतंच?’ मी ओरडले. ‘मारुतराव, लहान पोर आहे ते. चप्पल घाल गं तू. मी सांगतेय, घाल.’

‘घालनार न्हाई ती,’ मारुती म्हणाला. ‘नवस सुटल्याबिगर न्हाई. तिच्यापायी तुमचा हात गेला, बाई. तिला त्याची जान नगं?’

सुगंधा काकवीची बाटली पायरीवर ठेवून मागे सरली. आली तशी उन्हात दोघं चालू लागली. ती सावलीसावलीने जायचं सोडून सडकेच्या मधून चालत होती.

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. वहिनीला वाटलं, हाताच्या काळजीनं. वाटू दिलं.

चौथ्या दिवशी शेवंतामावशी आली तेव्हा मी आधीच पाटावर बसले होते. ‘मावशी, काय वाटेल ते करा, पण हा हात वर जायला हवा. पंधरा दिवसांत. मोडला तरी चालेल.’

‘मोडाया मी काय पैलवान हाय?’ ती म्हणाली. पण समोर येऊन बसली, माझं मनगट तिने आपल्या तळव्यावर ठेवलं आणि हात हळूहळू पुढे घेऊ लागली. ‘जोर लावू नगासा. दुखाया लागलं की बोला. मी थितंच थांबनार.’

हात पुढे गेला. मुठीएवढा वर गेला. तिने माझा तळवा वळवून आभाळाकडे केला. आणि माझा हात खाडकन मागे आला.

‘दुखलं?’

‘नाही,’ मी म्हणाले. मला आश्चर्य वाटलं.

‘पुना.’

पुन्हा तेच. पुढे, वर, तळवा उघडा, आणि हात मागे. तिसऱ्या वेळी मी ठरवून श्वास सोडला, पोट सैल ठेवलं, तिने शिकवलं होतं तसं. त्यामुळे सगळं सावकाश झालं आणि मला ते पाहता आलं. आधी पोटाच्या कडेला आवळलं. मग कोपर मिटलं. मग खांदा मागे गेला. दुखलं ते सगळ्यात शेवटी.

शेवंतामावशी माझ्या हाताकडे पाहत होती. ‘आक्रीतच हाय,’ ती म्हणाली. ‘दुखायच्या आदीच वडून घेताय की वो. जखडल्याला हात आसा नसतोय. ह्यो तुमी मागं घेतल्याला हाय.’

तिने ते सहज म्हटलं. तेवढ्यात पाळण्यात बाळ रडलं आणि ‘आलू गं माझी बाय’ करत ती आत गेली. मी पाटावर तशीच बसून राहिले. तळवा अजून उघडा होता.

मला विसर पडला होता असं मी म्हणणार नाही. विसर पडला असता तर बरं झालं असतं. मला माहीत होतं. पण माहीत असलेली गोष्ट न पाहता तिच्या शेजारून रोज ये-जा करता येते, हे मी तीन महिने करून दाखवलं होतं. आता सांगते.

त्या संध्याकाळी सुगंधा दीड पुरुष उंचीवर होती. डोकं खाली, दोरी अंगठ्यात, दोन्ही हात मोकळे. खाली बारा मुली रांगेत बसल्या होत्या. ही कसरत मी तिला शिकवली नव्हती, तिने आपली आपण बसवली होती. मी झेलायला पुढे झाले, तशी ती वरून म्हणाली, ‘बाई, तुमी सरा बाजूला. मला न्हाई लागत झेल.’

पोरी हसल्या. पोरी हसणारच. अकरा वर्षांच्या मुलीचं बोलणं ते, त्यात माज नव्हता, मजा होती. पण त्याच्या आठवडाभर आधी बाहेरगावच्या एक परीक्षक बाई येऊन गेल्या होत्या. सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, ‘हिला इथे ठेवू नका, वाया जाईल.’ इथे म्हणजे माझ्याकडे. ते माझ्या पोटात तेव्हापासून सलत होतं. मी हसून चहा पाजला होता त्यांना.

आमच्या आखाड्यात एक जुनी रीत होती. पोर माजलं असं वाटलं, की मास्तरांनी एकदा झेल सोडायचा. पडू द्यायचं. ‘पडल्याबिगर चढत न्हाई’ असं जुने लोक म्हणत. माझ्या मास्तरांनी मलाही एकदा तसं पडू दिलं होतं, आणि ती गोष्ट मी पुढे कौतुकाने सांगत असे. पण ती रीत कमरेएवढ्या उंचीची, गादीच्या मधोमध. दीड पुरुष उंचीवर ती रीत नव्हे. तिथे तिला दुसरं नाव आहे.

अंगठा सुटला. माझा हात वर गेला, आपोआप, तळवा उघडा. लोक म्हणतात, अशा वेळी विचाराला सवड नसते. असते. माझ्या मनात तीन शब्द आले, स्वच्छ आले: पडू दे एकदा. आणि मी हात मागे घेतला.

कोपर गादीच्या बाहेर फरशीवर आदळलं.

मी खाली बसले आणि डाव्या हाताने उजवा दंड गच्च धरला. कुणीतरी ओरडलं, ‘बाईंनी झेलायला हात घातला, बाईंना पण लागलं!’ मी खोटं बोलले नाही. मी काहीच बोलले नाही. बाकीचं गावाने केलं. पंधरा दिवसांनी हात खरोखरच वर जायचा थांबला, तेव्हा मला मनातून बरंच वाटलं होतं. गोष्ट पुरी झाली ना! शालीच्या वेळी तर मलाही ती जवळजवळ खरी वाटत होती.

शेवंतामावशी बाळाला झोपवून बाहेर आली. मी म्हणाले, ‘मावशी, मला तुम्हाला एक सांगायचंय.’

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. आयुष्यभर बायकांची अंगं चोळलेली बाई, तिला काय कळलं नसेल? तिने हात पुढे करून मला थांबवलं. ‘मला नगा सांगू. मी तेल लावनारी. मला सांगून तुमाला मोकळं वाटंल, अन् मंग तुमी जायाच्या न्हाईसा. ज्याचं हाय त्याला सांगा.’

‘ते मला माफ करणार नाहीत.’

‘म्या कुटं म्हनलं करतील म्हून?’ तिने तेलाची वाटी पदराने पुसली. ‘उद्या येते. उद्या डावा खांदाबी बगू.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वडापच्या जीपने पूल ओलांडला आणि वाडीच्या फाट्यावर उतरले. फाट्यापासून गुऱ्हाळ दिसत होतं, धुराचा पट्टा आणि चिपाडांचे ढीग. हंगाम संपत आला होता. मी चप्पल काढून हातात घेऊन चालावं असं मला वाटलं. मग वाटलं, हे पुन्हा नाटक. ताकाला जाताना आता भांडं लपवायचं नव्हतं आणि मिरवायचंही नव्हतं. चप्पल पायात ठेवून गेले.

मारुती काहिलीसमोर उभा होता. मोठ्या काहिलीत रस उकळत होता आणि तो लांब दांड्याने ढवळत होता. मला पाहून गडबडला. ‘बाई! तुमी कशाला आलासा? सांगावा धाडायचा की. आवो, कुनीतरी पोतं टाका बसाया...’

‘बसायला नको. सुगंधा कुठे आहे? तिलाही बोलवा.’

ती चिपाडांचा भारा डोक्यावर घेऊन येत होती, डाव्या हाताने सावरत. पायाखाली चिपाडांचे धारदार तुकडे. तिने भारा चुलाणाशी टाकला आणि सवयीने माझ्या पायांशी वाकू लागली. मी तिचे खांदे धरले. ‘नाही. आज नाही. उभी राहा.’

मारुती म्हणाला, ‘हात बरा झाला का वो?’ त्याच्या आवाजात इतकी आशा होती, की ‘हो’ माझ्या ओठांवर आलं. हो म्हणता आलं असतं. हो म्हटलं असतं, डाव्याने उजवा उचलून कसाबसा डोक्यावर नेऊन दाखवला असता, तर नवस तिथेच सुटला असता. हे मला वाटेत सुचलं होतं, आणि सोपं होतं.

‘मारुतराव, माझा हात हिच्यामुळे गेला नाही.’

‘त्यो तुमचा मोठेपना हाय, बाई.’

‘मोठेपणा नाही. ऐका. मी हिला झेललं नाही. झेलायला हात पुढे केला होता, तो मागे घेतला. घाबरून नाही घेतला. मला हिचा राग आला होता. ही पडावी असं मला वाटलं, म्हणून मी हिला पडू दिलं. मला काही लागलं नव्हतं. लोक म्हणाले ते मी म्हणू दिलं.’

मी पाठ करून आले होते, म्हणून एका दमात झालं. मारुती ढवळत होता. रस त्या वेळी उतरायला आला होता, आणि हात थांबला असता तर काहीलभर गूळ करपला असता. त्यामुळे त्याला काही करता येईना, माझ्या अंगावर येताही येईना, नुसता ढवळत माझ्याकडे पाहत राहिला.

‘तुमाला शाल दिली,’ तो म्हणाला.

‘हो.’

‘मी टाळ्या वाजीवल्या.’

‘हो.’

मग तो बोलला, पण माझ्याशी नव्हे, काहिलीशी बोलल्यासारखा. ‘दवाखान्यातनं आनली त्या राती ही म्हनली हुती. म्हनली, आबा, बाईंनी हात काडून घेतला. मी म्हनलं, आगं सटवे, ज्या बाईनं तुझ्यापायी हात मोडून घेतला तिच्यावर आळ घेतीस? आनि मारलं. पलास्तर हुतं हाताला. मी पाठीत मारलं.’ दांडा फिरत होता. ‘दोनदा मारलं. दुसऱ्या बारीला पुना तसंच म्हनली म्हून. तिसऱ्यांदा बोलली न्हाई.’

मी सुगंधाकडे पाहू शकत नव्हते.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. सुगंधा दोरीवर पुन्हा कधी चढली नाही. कोपर तसंच राहिलं. मी व्यायामशाळेत जाऊन अध्यक्षांना सगळं सांगितलं आणि शाल टेबलावर ठेवली. त्यांनी ‘आता कशाला हे उकरता’ असं म्हटलं, मग महिन्याभराने मुलींचा वर्ग दुसऱ्या बाईंना दिला. गावात माझं नाव बदललं. ते योग्यच झालं. मारुती पुन्हा बाजारी आमच्या दारी आला नाही, आणि मी त्याच्या दारी जाऊ नये असं त्याने निरोप पाठवून कळवलं. माझा हात वर्षभरात बराच सुटला. शेवंतामावशी म्हणायची, वय होतं, तेल चांगलं होतं. आता मी साठी ओलांडली आहे, आणि कुठे काय आवळतं ते मी रोज सकाळी पाटावर बसून एकदा पाहते. पाहायचं टाळलं की काय होतं, ते मला ठाऊक आहे. मन मोकळं झालं असं मात्र मी कुणाला सांगत नाही. खांदा मोकळा झाला, एवढंच खरं आहे.

पण त्या सकाळी गुऱ्हाळावर हे काही ठाऊक नव्हतं. मारुती ढवळत होता, आणि मी कधी एकदा ही दोघं मला शिव्या देतात याची वाट पाहत होते. सुगंधा माझ्या अगदी जवळ आली. तीन महिन्यांत पहिल्यांदा तिने मान वर केली.

‘बाई, तुमचा हात वर आला हुता?’

‘आला होता.’

‘तळवा असा हुता? उगडा?’ तिने डाव्या हाताने करून दाखवला.

‘असाच होता.’

‘आनि मंग मागं घेतला.’

‘घेतला.’

ती विचार करू लागली. कपाळाला आठी घालून, एखादी अवघड अढी दोरीवर बसवताना घालायची तशी.

‘आबा म्हनलं, उलटं टांगल्यावर मानसाला उलटं दिसतंय,’ ती म्हणाली. ‘म्हनून मला वाटलं, मला समदंच उलटं दिसाया लागलं. शाळंत फळ्यावर बाई लिवत्यात, तर मी शेजारच्या पोरीला इचारती, आसंच हाय का गं? पायाला पोळतंय, तर वाटतंय, पोळत नसंल, मलाच वाटत आसंल.’

मी तिच्या पायांकडे पाहिलं.

‘म्हंजे मला बरोबर दिसलं हुतं?’

‘बरोबर दिसलं होतं.’

‘आबा,’ ती बापाकडे वळून म्हणाली, ‘बरोबर दिसलं हुतं मला.’

मारुतीने मान हलवली. त्याचे डोळे वाहत होते आणि हात गुंतले होते, त्यामुळे पुसता येत नव्हते. सुगंधा पुन्हा माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर ना राग होता ना माफी, नुसती एक घाई होती.

‘परत सांगा,’ ती म्हणाली. ‘पयल्यापासनं.’

मी पहिल्यापासून सांगितलं. तिने मधे थांबवून विचारलं, हात किती वर आला होता, बोटं मिटली होती का, मी तिच्याकडे पाहत होते का. पाहत होते, मी म्हणाले. मग ती म्हणाली, आणखी एकदा. मी आणखी एकदा सांगितलं.